हात न पसरणाऱ्या माणसाचं प्रकरण

ही केस आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका माणसाची आहे. त्यांच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहितोय, नाव देत नाही, राहण्याचा एरिया आणि एक-दोन बारीक गोष्टी बदलल्यात. त्यांना दादा म्हणतो आणि त्यांच्या मिसेसना वहिनी. दादांचं वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, जन्म नागपूरचाच, माल वाहतुकीच्या तीन छोट्या गाड्या, दोनवर ड्रायव्हर आणि एक स्वतः चालवायचे, कळमना मार्केटमधून संत्रा, मिरची, कांदा जे भेटेल ते भरायचं आणि कामठी, हिंगणा, बुटीबोरी, कधी वर्ध्यापर्यंत पोचवायचं. मी मंडळीत घरभेटीचं काम पाहतो, म्हणजे कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरात बोलणं बंद झालं, कोणी अचानक उपासनेला यायचं थांबलं की जाऊन बसायचं, ऐकायचं आणि सोबत प्रार्थना करायची. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आणि मी मिळून ही केस पाहिली.

लिहायचं कारण असं की देवावर अवलंबून राहण्यातच खरं स्वातंत्र्य आहे हे आपण पुलपिटवरून कितीतरी वेळा ऐकतो, आमेन म्हणतो आणि घरी जातो, पण ते एखाद्या माणसाच्या झोपेत, त्याच्या हिशोबाच्या वहीत, बायकोसोबतच्या बोलण्यात नेमकं कसं उतरतं किंवा का उतरत नाही हे कोणी उलगडून सांगत नाही. दादांच्या बाबतीत ते अगदी जवळून पाहायला मिळालं.

बाहेरून काय दिसायचं

बाहेरून पाहिलं तर दादांसारखा विश्वासणारा शोधून सापडायचा नाही. रविवारी उपासनेला हजर, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, वेळेवर, नाताळच्या आधी चर्चला रंग मारायचा असो की कोणाच्या मयतीला कब्रस्तानापर्यंत गाडी पाहिजे असो, दादांना फोन लावला की काम झालं. कमिटीवर होते. गरजूला उसने पैसे द्यायचे आणि परत मागायला स्वतःच लाजायचे. पण गृहसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, शेवटी विचारतात ना, कोणाची काही प्रार्थना विनंती आहे का, तेव्हा दादा नेहमी दुसऱ्याची विनंती सांगायचे, अमक्याच्या पोराला नोकरी नाही, तमक्याच्या आईचं ऑपरेशन आहे. स्वतःची एकदाही नाही. "आपलं काय जी, प्रभूच्या दयेने सगळं बरं आहे" एवढं बोलून ते गप्प बसायचे आणि आम्हालाही ते बरंच वाटायचं, कारण विनंत्यांची यादी तशीही लांब असते.

घरातली गोष्ट वेगळी होती. उपासना संपली की घरी येऊन शर्ट बदलायचा आणि गाडीवर जायचं, रविवार असो नाहीतर गुड फ्रायडे. रात्री दोन-तीनदा उठून मोबाईलवर जीपीएस बघायचं, गाडी कुठे उभी आहे, ड्रायव्हरने डिझेल तर नाही काढलं. जेवायची वेळ ठरलेली नाही, शुगर कितीतरी वर्षांपासूनची, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. घरचा एकही कागद वहिनींच्या हातात नाही, गाड्यांचे हप्ते किती, बँकेत किती, कोणाकडून किती यायचे, काहीच माहीत नाही. धाकटा भाऊ पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे, तो एकदा सहज म्हणाला की पोरीच्या कॉलेजची फी या वर्षी मी भरतो, तर दादा त्याच्याशी कित्येक महिने धड बोलले नाहीत. वहिनी म्हणायच्या, हे घरी असले तरी घरी नसतात.

हे सगळं कुठून आलं

वडील लहानपणीच गेले. आई, दोन भाऊ, काकाच्या घरी आश्रयाला. तिथे पोळ्या मोजून वाढल्या जायच्या आणि चौथी पोळी मागितली की काकू ताटाकडे न बघता दाराकडे बघायची, असं दादा सांगतात. तेरा-चौदा वर्षांचे असताना त्यांनी मनाशी पक्कं केलं की आयुष्यात कोणापुढे हात पसरायचा नाही. त्या पोराने त्या वयात हे ठरवलं नसतं तर कदाचित तो घर तारूच शकला नसता, म्हणून त्या शपथेला मी नावं ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाची. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, तेव्हापासून इथे मराठी ख्रिस्ती मंडळी आहे, म्हणजे पावणेदोनशे वर्षं होऊन गेली, लोक शिकले, शिक्षक झाले, नर्स झाल्या, रेल्वेत लागले, आपल्या कमाईवर उभे राहिले, तरी शाळेत पोरं चिडवायचीच की तुम्ही मिशनच्या गव्हावर आणि दुधाच्या पावडरवर बाटलेले. दादांचे आजोबा मिशन कंपाउंडमध्ये माळी होते, तर त्यांना हे जास्तच ऐकावं लागलं. ज्याच्या घराण्याला पिढ्यानपिढ्या "फुकटचं खाऊन मोठे झाले" असं ऐकवलं जातं त्याला घेणं या गोष्टीचीच किळस येते. आणि हे नागपूर आहे, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी इथेच स्वाभिमानाचा रस्ता धरला, या शहरात माणसाला "अवलंबून रहा" असं सांगायचं तर फार जपून सांगावं लागतं. ज्यांनी पिढ्यानपिढ्या मालकापुढे वाकून काढलं त्यांना आणखी वाकायला शिकवणारी सुवार्ता ही सुवार्ताच नाही, हे माझं ठाम मत आहे आणि या केसमध्येही आम्ही ते धरूनच चाललो.

कर्ज आणि डोळा

तिसरी गाडी घेतली ती फायनान्सवर. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेवढ्या काळात भाडं जोरात आणि मधले महिने हप्ता भरायची मारामार. अशातच एका व्यापाऱ्याकडे मोठी रक्कम अडकली. दादांनी कोणाला सांगितलं नाही. बँकेत जायचं तर वहिनींची सही लागणार, भावाला सांगायचं तर प्रश्नच नाही, मग एका सावकाराकडून तीन लाख घेतले, महिना पाच टक्के. म्हणजे महिन्याला पंधरा हजार नुसतं व्याज, वर्षाला एक लाख ऐंशी हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. वर कोऱ्या चेकवर सह्या करून दिलेल्या. कोणापुढे हात पसरायचा नाही म्हणणारा माणूस दर महिन्याच्या पाच तारखेला एका माणसाच्या ओट्यावर पैसे घेऊन उभा राहायचा, आणि तो माणूस मुद्दाम अर्धा तास बाहेर थांबवून ठेवायचा. हे दादांनी फार नंतर सांगितलं.

मला या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. ते कोणावरच अवलंबून नव्हते असं ते समजत होते, पण खरं पाहिलं तर त्यांची झोप त्या सावकाराच्या हातात होती, रविवार व्यापाऱ्याच्या हातात होता आणि घरात काय बोलायचं काय लपवायचं हे त्या तेरा वर्षांच्या पोराची शपथ ठरवत होती. ज्यांनी प्रेमाने धरलं असतं त्यांना दूर ठेवलं आणि जो गळा धरणार त्याच्या दारात गेले, कारण त्याच्याकडे व्याज देता येत होतं. फुकट काही घ्यायचं नव्हतं ना. कृपा ही गोष्ट अशा माणसाला सगळ्यात जड जाते.

मग एक दिवस गाडी चालवता चालवता उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले आणि संध्याकाळपर्यंत त्या डोळ्याने सगळं धुरकट झालं. डॉक्टर म्हणाले शुगरमुळे पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात, त्या फुटून आत रक्त साचलंय, लेझर करावं लागेल, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, तरी साफ झालं नाही तर ऑपरेशन, आणि गाडी चालवणं बंद. दुसऱ्या डोळ्यातही सुरुवात होती. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात कधी कोणाच्या मागे बसून प्रवास केला नाही तो पोरीच्या ॲक्टिवावर मागे बसून तपासणीला जायला लागला. पहिल्या वेळेस घराजवळच्या चौकापर्यंत ते चालत गेले आणि तिथून बसले, गल्लीतल्या लोकांनी पाहू नये म्हणून.

मध्येच आलेला एक धोका

डोळ्याचं कळल्यावर कोणीतरी एका प्रचारकाला घरी आणलं, आमच्या मंडळीचा नव्हता. त्याने तेलाची बाटली दिली, सांगितलं की हे शत्रूचं बंधन आहे, अकरा हजाराचं बी पेरा म्हणजे दान द्या, चाळीस दिवसांत कर्ज तुटेल आणि डोळा उघडेल, इंजेक्शनं घेतली तर विश्वास कमी पडतो. दादा द्यायला तयार झाले. का तयार झाले ते लक्षात घ्या, कारण हाही सौदाच होता, मी एवढं देतो तू तेवढं दे, यात हात पसरावा लागत नाही. वहिनींनी पाळकसाहेबांना फोन केला आणि साहेब त्याच रात्री गेले.

याबद्दल मी मवाळ बोलू शकत नाही. देवावर अवलंबून राहणं या नावाखाली माणसाला एखाद्या माणसावर, त्याच्या बाटलीवर, त्याच्या पाकिटावर अवलंबून ठेवणं हे पाप आहे. प्रेषित पौलाने बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात पाचव्या अध्यायात हेच बजावलंय की ख्रिस्ताने मोकळं केलं ते मोकळं राहण्यासाठी, पुन्हा जोखडात मान देऊ नका. आणि लूक, ज्याने शुभवर्तमान म्हणजे येशूचं चरित्र लिहिलं, त्याला पौलच कलस्सैकरांस पत्रात प्रिय वैद्य म्हणतो, पौलाच्या सोबत डॉक्टर होता आणि त्याचा विश्वास काही कमी पडला नाही. दादांची लेझरची तारीख चुकू दिली नाही.

पेत्राचे पाय

त्यानंतरचे काही आठवडे आम्ही फक्त जाऊन बसायचो. दादांना मोबाईल बघायला मनाई, टीव्ही नको, डोकं उंच ठेवून पडून राहायचं, तर पोरगी त्यांना योहानाचं शुभवर्तमान मोठ्याने वाचून दाखवायची. तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि त्यांच्यातला पेत्र म्हणतो की माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. येशू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. इथे दादांनी तिला थांबवलं. आम्ही गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, पेत्राचं काय चुकलं? मोठ्या माणसाकडून पाय धुऊन घ्यायचे का? घेताना माणूस लहान होऊन जाते जी."

पाळकसाहेबांनी लगेच उत्तर दिलं नाही, त्यांनी उलट विचारलं की येशूने स्वतः कोणाकोणाकडून घेतलं ते आठवा. मग आम्ही तिथे बसून आठवत गेलो. शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तेही अशा बाईकडे जिच्याशी यहूदी लोक व्यवहार ठेवत नव्हते. बोलायला शिमोनाची होडी घेतली. यरुशलेमात जायला दुसऱ्याचं शिंगरू. लूकच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की काही स्त्रिया आपल्या पैशातून त्यांचा खर्च चालवायच्या. वधस्तंभ वाहायला कुरेनेकर शिमोन, पुरायला योसेफाची कबर. आणि योहानाच्या पाचव्या अध्यायात तो सरळ सांगतो की पुत्राला आपण होऊन काही करता येत नाही, बापाला जे करताना पाहतो तेच करतो. ज्याच्याइतका मोकळा माणूस कोणी झाला नाही, शिक्षा सुनावणाऱ्या रोमी सुभेदार पिलातापुढे उभा राहून ज्याला भीती वाटली नाही, तो बापावर पूर्ण टेकलेला होता आणि लोकांकडून घ्यायलाही लाजला नाही. या दोन गोष्टी त्याच्यात एकत्र आहेत आणि माझ्या मते त्या एकमेकींशिवाय राहूच शकत नाहीत. पिलातापुढे तो शांत होता कारण त्याचं काहीच पिलाताच्या हातात नव्हतं.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतल्या मोठ्या मुलाचा विषय निघाला. धाकटा घर सोडून गेला म्हणून तो हरवला हे सगळ्यांना कळतं, पण मोठा घरात राहूनही नोकरासारखा राहिला, बापाला म्हणतो मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय आणि मला कधी करडूसुद्धा दिलं नाही. बाप म्हणतो, बाळा, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. त्याने कधी मागितलंच नव्हतं. दादा म्हणाले, "मी वीस वर्षं चर्चमध्ये कामावरच येऊन राहिलो."

पुढच्या गृहसभेत विनंत्या विचारल्या तेव्हा दादांनी पहिल्यांदा स्वतःची विनंती सांगितली. अगदी छोटी. "मले जमून नाही राहिलं. माझ्यासाठी प्रार्थना करा." पण कर्जाचं काही सांगितलं नव्हतं, आणि तिथेच खरं काम बाकी होतं.

खरं बोलणं

त्याच आठवड्यात त्यांनी वहिनींना सावकाराबद्दल सांगितलं. आपल्या साक्षींमध्ये, म्हणजे देवाने काय केलं ते लोकांपुढे सांगताना, असं असतं की कबूल केलं, रडले, मिठी मारली, प्रभूची स्तुती असो. इथे तसं झालं नाही. वहिनी भडकल्या. "इतके दिवस मी काय बाहेरची होती का?" असं विचारून त्या बहिणीकडे जरीपटक्याला निघून गेल्या आणि बरेच दिवस आल्या नाहीत. त्यांचा राग पूर्ण बरोबर होता असं मला वाटतं, कारण कर्जापेक्षा त्यांना लपवण्याचं लागलं होतं. दादांना आम्ही एवढंच सांगितलं की आता समजावत बसू नका, त्या जे बोलतील ते ऐकून घ्या. सगळ्या वह्या, पावत्या, पासबुक त्यांनी पोरीच्या हातून वहिनींकडे पाठवून दिले. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे काय तर त्या आठवड्यात दादांसाठी ते एवढंच होतं, खरं बाहेर आल्यावर काय होईल ते आपल्या हातात न ठेवणं. वहिनी परत आल्या त्या हिशोब घेऊनच, आणि त्यांच्या लक्षात आलं की तिसरी गाडी काढून टाकल्याशिवाय हे निस्तरणार नाही.

मंडळीत एक काका आहेत, सहकार खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी सांगितलं की महाराष्ट्रात २०१४ चा सावकारीचा कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि कोऱ्या कागदावर-चेकवर सही घेणं तर चालतच नाही. ही माहिती दादांना आधीही भेटली असती, फक्त विचारावं लागलं असतं. गाडी विकून फायनान्सचं भागवून जे उरलं त्यात वहिनींनी गोफ मोडून भर घातली आणि सावकाराकडे दादा, ते काका आणि पाळकसाहेब तिघं मिळून गेले. तो माणूस आधी तडकला, मग कायद्याचं नाव काढल्यावर मुद्दल घेऊन चेक परत द्यायला तयार झाला. दादा म्हणतात की त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्या ओट्यावर पाय थरथरल्यासारखं झालं नाही.

इथे गलतीकरांस पत्रातला सहावा अध्याय फार कामाचा आहे. दुसऱ्या वचनात म्हटलंय एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनांनंतर पाचव्यात म्हटलंय की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. वरवर उलटसुलट वाटतं. दादांचं प्रकरण पाहिल्यावर मला ते स्पष्ट झालं. हप्ता भरणं, ड्रायव्हरचा पगार देणं, गोळ्या घेणं हा त्यांचा भार, तो मंडळीने उचलला असता तर तो उपकार झाला नसता. पण सावकाराचं ओझं एकट्याने वाहायचं नव्हतंच, ते वाहायला माणसं होती. कुठलं काय आहे हे ओळखायला शिकणं यात बराच वेळ गेला आणि अजूनही जातो.

मान्ना आणि रविवार

रविवारचा मुद्दा वहिनींनी काढला. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडतो तो रोज जेवढा लागेल तेवढाच गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला तर किडे पडतात, पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला सातव्या दिवशी खराब होत नाही. आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, का पाळायचा याचं कारण दोन ठिकाणी दोन दिलंय, निर्गम वीसमध्ये देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून आणि अनुवाद नावाच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात तुम्ही मिसर देशात गुलाम होता म्हणून. गुलामाला सुट्टी नसते. मिसरातून निघालेल्या लोकांना देवाने ज्या काही पहिल्या-पहिल्या गोष्टी शिकवल्या त्यात थांबणं होतं. दादांसाठी हे नवीन होतं, ते रविवार म्हणजे चर्चला हजेरी लावायचा दिवस समजत होते.

तर ठरलं की रविवारी गाड्या निघणार नाहीत. हे ठरवायला सोपं होतं कारण तेव्हा पावसाळा होता. खरी परीक्षा नोव्हेंबरमध्ये, संत्र्याचा जोर असताना, एका जुन्या पार्टीने रविवारची खेप सांगितली, भाडं दीडपट. दादा नाही म्हणाले. ती पार्टी दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेली आणि सोमवारीही परत आली नाही, त्या महिन्यात घरात पैसा कमीच आला. हे मी मुद्दाम लिहितोय. साक्ष देताना लोक म्हणतात रविवार पाळला आणि सोमवारी दुप्पट मिळालं. दादांना दुप्पट मिळालं नाही. जे मिळालं ते असं की नुकसान झालेलं दिसत असतानाही ते त्या रविवारी दुपारी जेवून झोपले, दोन तास, आणि ड्रायव्हरची पोरंबाळंही त्या दिवशी बापासोबत फुटाळा तलावावर गेली. मालक थांबल्याशिवाय नोकर थांबू शकत नाही, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

अँग्लिकन परंपरेतल्या सकाळच्या उपासनेत शांतीसाठीची एक जुनी प्रार्थना आहे, तिच्यात देवाला म्हटलंय की तुझी सेवा हेच पूर्ण स्वातंत्र्य. मार्टिन लूथरनेही १५२० मध्ये मांडलं की ख्रिस्ती माणूस सगळ्यांपासून स्वतंत्र, कोणाच्या ताब्यात नाही, आणि तोच सगळ्यांचा सेवक. दादा तर आधीपासून सगळ्यांचा सेवक होतेच की, मयत, रंगकाम, उसने पैसे, सगळं. पण ती सेवा भीतीतून होती, कोणाचं देणं अंगावर राहू नये म्हणून. आपल्याच पंडिता रमाबाईंकडे बघा, १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात फिरून शेकडो उपाशी मुली पुण्याकडच्या केडगावला आपल्या आश्रमात घेऊन गेल्या, अमेरिकेतल्या असोसिएशनची दहा वर्षांची ठरलेली मदत संपत आली होती, तरी देव पुरवील या भरवशावर घरं वाढवत गेल्या. त्या बाईइतकी खंबीर आणि कोणाच्या दबावात न येणारी माणसं महाराष्ट्रात थोडी झाली, चर्चच्या मोठमोठ्या लोकांनाही त्यांनी तोंडावर प्रश्न विचारले. देवावर टेकलेला माणूस मऊ आणि लाचार होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी रमाबाईंचं चरित्र वाचावं.

आज काय स्थिती आहे

डोळा पूर्ण सुधारला नाही. उजव्याने मोठी अक्षरं दिसतात, डावा लेझरने सांभाळला गेलाय. दादा आता गाडी चालवत नाहीत, बुकिंग आणि पार्ट्या बघतात, हिशोब वहिनी आणि पोरगी ठेवतात आणि दर शनिवारी तिघं मिळून वही बघतात. शुगर आटोक्यात आहे पण डॉक्टर अजून खूश नाहीत. रात्री जीपीएस बघणं कमी झालं, बंद नाही. सावकाराचं संपलं. वहिनींचा विश्वास हळूहळू परत येतोय, त्या स्वतः म्हणतात की पूर्ण आला असं समजू नका.

एक गोष्ट मंडळीबद्दल. दादांनी कमिटीतून एक वर्ष सुट्टी मागितली तेव्हा काही लोकांना ते रुचलं नाही, कारण नाताळचं रंगकाम आणि गाड्यांची व्यवस्था कोण बघणार. असा माणूस सगळ्यांना सोयीचा असतो. तो कधी काही मागत नाही, म्हणून त्याची चौकशी करायची वेळच येत नाही, आणि आपण त्यालाच मोठा विश्वासणारा म्हणून टाळ्या वाजवतो. पाळकसाहेबांनी कमिटीत हे स्पष्ट मांडलं आणि सुट्टी मंजूर झाली. रंगकामाला या वेळेस युथची पोरं लागली, काम ओबडधोबड झालं, कोणाचं काही बिघडलं नाही.

भावाचं मात्र अजून अडलंय. पोरीचं शेवटचं वर्ष आहे, धाकट्याने परत विचारलं की फी मी भरू का. मंडळीकडून घेणं, काकांचा सल्ला घेणं, पोरीच्या मागे बसणं हे सगळं दादांना जमलं, पण धाकट्या भावाकडून घेणं अजून गळ्याखाली उतरत नाही, कारण काकाच्या घरी आपल्या ताटातली पोळी त्याला देणारे तेच होते आणि ती जागा सोडायची नाही. वहिनी म्हणतात घ्या, पोरगी म्हणते पप्पा ठरवतील. दादांनी भावाला नाही म्हटलेलं नाही, आधी सरळ फोन ठेवला असता, या वेळेस म्हणाले की तू नाताळात ये, बसून बोलू. आमचं त्या विषयावर बोलणं चालू आहे.